हिरव्या जॅकेटवालीला गाडीत घेऊ नये

एल मोल्ये फाटा, पेट्रोल पंप
४ सप्टेंबर १९९६

एदेल आत्या,

आधी खाली बस. बसलीस? मी पळाले.

दचकू नकोस, कुणा पोराबरोबर नाही पळाले. मेंढ्यांसाठी पळाले. खाली बाहो ओन्दोला बाल्दोमेरो मुकादमाची कातरणीची टोळी जमतेय. वीस तारखेच्या आत जो पोचेल त्याला कातरायचं मशीन मिळणार. मग ते सगळे दक्षिणेला समुद्रधुनीपर्यंत एकेक एस्तान्सियाचे कळप कातरत जाणार. मला त्यात मशीन पाहिजे. सैपाकघर नको, मशीन. आई सोळा हंगाम टोळीबरोबर फिरली आणि पूर्ण पातागोनियात तिने काय पाहिलं? तेलाची कढई. तोर्ता फ्रिताच्या पुऱ्या तळून तळून डोळे गेले बिचारीचे, आणि मग तीच गेली.

मी बाबाला सरळ विचारलं होतं बरं का. म्हटलं, बाबा, मला टोळीत जायचंय, कातरायला. तो हसला पण नाही. म्हणाला, "बाई कातरायला लागली तर मेंढ्या लाजतील." मी म्हटलं, "लाजू देत, लाजून अंग चोरतील, तेवढीच कातरायला सोपी." झालं. घोड्याचा पट्टा भिंतीवर आपटला, माझ्या अंगाला नाही लावला, पण भिंतीला काय वाटलं असेल.

तर मी लोकरीच्या गठ्ठ्यांच्या लॉरीवर चढून इथवर आले. पुढे अंगठा दाखवत जाणार. घाबरू नकोस, आपल्या पठारावर रस्त्याला उभ्या माणसाला कोण सोडून जातं? कुत्र्याला पण गाडीत घेतात.

आता कामाचं. दुपारी तू रेडिओवर निरोप वाचायला बसतेस, अमक्याची गाय व्याली, तमक्याने फाट्यावर घोडा घेऊन यावं वगैरे. त्यात बाबाचा निरोप आला तर गिळून टाक. खोकला आला म्हण. तुला माझी शपथ.

उत्तर इथेच पाठव. पंपवाली दोन्या विल्मा मला पुढे पोचतं करेल. पावाच्या लॉरीवाल्याकडे दे, टपालाच्या नादी लागू नकोस, टपाल म्हणजे गोगलगायीचं लग्न.

तुझीच,
सुले


पासो चुलेंगो
७ सप्टेंबर

कार्टे सुलेमा,

शपथ कसली घालतेस? दिलेला निरोप जसाच्या तसा वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही, हा रेडिओचा नियम आहे आणि एकवीस वर्षं मी तो पाळलाय. मागच्या वर्षी "रविवारी बिशप येणार, घरटी एक कोकरू भाजून आणावं" हा निरोपही मी जसाच्या तसा वाचला होता. तो कुणी दिला होता, सांगू का? अख्खं पठार भाजलेली कोकरं घेऊन देवळासमोर उभं, आणि बिशपचा पत्ता नाही! पाद्रीबाबा आठवडाभर मटण खाऊन आजारी पडले. तेव्हा मला नियम शिकवू नकोस.

तुझ्या बापाचा निरोप मी काल वाचला. दोनदा. तू सापडेपर्यंत रोज वाचायचाय. असा होता:

"पासो चुलेंगोचे फाउस्तिनो कार्कामो कळवतात, माझी मुलगी सुलेमा, हिरवं जॅकेट, न विचारता घरातून गेली आहे. रस्त्यात दिसल्यास कुणीही तिला गाडीत घेऊ नये. गुरुवारच्या बसमध्ये बसवून परत पाठवावी. ज्यांच्या कधी उपयोगी पडलो असेन त्यांनी एवढं करावं."

शेवटचं वाक्य वाचताना मलाच कसंतरी झालं. मोठ्या बर्फाच्या साली त्याने ट्रॅक्टर घेऊन कितीजणांना बाहेर ओढलं ते तुला माहीत आहे. त्या रस्त्यावरचा एकही लॉरीवाला असा नाही की ज्याच्यावर त्याचे उपकार नाहीत. आजपर्यंत त्याने एकाकडेही काही मागितलं नव्हतं. आता मागितलंय. तुला कुणी घेणार नाही पोरी.

गुरुवारच्या बसने मुकाट्याने ये. आणि तो कातरीचा फणा त्याचा आहे ना, शेडमधला चांगला? तो घेऊन गेलीस असं म्हणतो. खरं का?

जाड मोजे पाठवलेत. याचा अर्थ मी तुझ्या बाजूने आहे असा काढू नकोस. थंडी आहे म्हणून पाठवलेत.

एदेल आत्या


एल मोल्ये फाटा, अजूनही
१० सप्टेंबर

आत्या,

मोजे मिळाले. अर्थ काढला नाही. फक्त पायांत घातले.

फणा खरंच घेतला. त्याच्याकडे दुसरा आहे. आणि त्याच्या हाताखाली नुसता शोभेला पडून राहण्यापेक्षा माझ्या हाताखाली मेंढी तरी बघेल.

आता ऐक इथली मजा. मी रस्त्याला उभी. लॉरी येते. हळू होते. ड्रायव्हर माझं जॅकेट बघतो, छातीवर क्रूस करतो आणि जणू मी रस्त्यावर मेलेलं गुआनाको आहे अशा तोंडाने निघून जातो. बरं, नुसता जात नाही! पुढे जाऊन थांबतो, पळत येतो, हातात पाव ठेवतो, म्हणतो, "तुझ्या बापाने मला बर्फातून काढलं होतं पोरी, माफ कर," आणि पळत परत. दुसरा आला, त्याने चोरिसो सॉसेज दिलं. तिसऱ्याने अर्धं चीज. चौथ्याने त्याची स्वतःची घोंगडी. आत्या, माझ्याकडे आता लग्नाचं जेवण घालण्याइतकं सामान झालंय, फक्त नवरा आणि गाडी नाही. जॅकेट काढून उभी राहिले तर दोन्या विल्मा पंपावरून ओरडते, "ए, गोठून मरशील, घाल ते हिरवं!" झाला की नाही घोटाळा.

मग काल गुमे भेटला. गुमेर्सिंदो. उत्तरेकडून सिमेंट घेऊन आलेला, पोट पुढे, दात कमी. त्याचा रेडिओ बंद पडलेला, म्हणून त्याला काही माहीत नव्हतं. मी उडी मारून आत. शहाण्या पाहुण्यासारखं त्याचा थर्मास घेतला, वाटीतल्या पानांवर गरम पाणी ओतलं आणि माते करून द्यायला लागले. पठाराचा रिवाज, जो फुकट बसतो तो माते करतो. एक त्याला, एक मला. त्याला कडू आवडतो, मला पण. छान चाललं होतं.

आणि तेवढ्यात खड्डा आला, गाडी धाडकन आदळली, आणि तो मेलेला रेडिओ जिवंत झाला! आणि आत्या, आत कोण? तू! "...हिरवं जॅकेट, न विचारता घरातून गेली आहे..."

गुमेने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. म्हणाला, "तू फाउस्तिनोची?"

मी म्हटलं, "माते गार होतोय काका."

त्याने घेतला. नळीने ओढला. परत दिला. म्हणाला, "तुझ्या बापाने माझ्या भावाला..."

"बर्फातून काढलं, माहितेय. अजून एक?"

आता बघ, एकाच वाटीतून पीत असताना माणसाला गाडीतून उतरवणं म्हणजे जेवत्या ताटावरून उठवणं. तो बिचारा अडकला. मी थेंब थेंब ओतत होते. पण थर्मास काही विहीर नाही. पाणी संपलं तेव्हा बाहेर काय, तर काही नाही. खरंच काही नाही. कुंपणाची तार आणि वारा. त्याने गाडी थांबवली. मी म्हटलं, "उतरू?" तर ओरडला, "इथे? वेडी झालीस? माणसाला मोकळ्या माळावर सोडतात का कुणी? नरकात जाईन मी!"

"मग पुढे चल."

"पुढे तुझा बाप नाही म्हणतो!"

मग गुमेने काय केलं असेल? लॉरी वळवली आणि दुपारभर चालवून मला परत इथेच, जिथून उचललं होतं तिथेच, पंपावर आणून उतरवलं! आणि सिमेंट घेऊन पुन्हा निघाला. डिझेल फुकट, दिवस फुकट. पण ना त्याने मला माळावर सोडलं, ना बाबाचा शब्द मोडला. दोन्या विल्मा हसून हसून पंपाला टेकली.

मी पण हसले. मग शौचालयाच्या मागे जाऊन थोडी रडले, ते सोड.

पण आता मला राग आलाय. बाबा उपकार वसूल करतोय, तेही माझ्याकडून. ठीक आहे. नियम म्हणतेस ना? मग हा माझा निरोप. जसाच्या तसा वाच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"फाउस्तिनो कार्कामो यांस, मुक्काम पासो चुलेंगो. बाबा, बाई कातरू शकत नाही म्हणतोस. मग बाहो ओन्दोला ये. बाल्दोमेरोच्या शेडमध्ये, लोकांसमोर, माझ्या शेजारच्या मशीनवर वाक. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत. तू जिंकलास तर मी निमूट घरी येते. मी जिंकले तर तू निमूट घरी जा. यायची हिंमत नसेल तर तसं याच रेडिओवर सांग. ऐकणाऱ्यांची माझी वाट मोकळी करायला हरकत नसावी. सुलेमा."

बिशपसारखं नाही हे आत्या. हे खरं आहे.

सुले


पासो चुलेंगो
१२ सप्टेंबर

सुले,

वाचला.

काल दुपारी. कागद हातात आल्यावर मी दोनदा पाणी प्यायले. मग वाचला, जसाच्या तसा. नियमाप्रमाणे दोनदा वाचायचा असतो. मी तीनदा वाचला. घसा बसला होता, दुसऱ्यांदा नीट ऐकू गेलं नसेल म्हणून.

तुझा बाप तेव्हा दुकानात खिळे घेत होता. दुकानदाराने रेडिओ मोठा केला. गल्ल्यापाशी सातआठ माणसं, सगळी एकदम बुटांकडे बघायला लागली. तुझ्या बापाने खिळे मोजून पिशवीत भरले, टोपी घातली आणि बाहेर गेला. मग कुणीतरी म्हणालं, "पोरगी बापावर गेलीय," आणि सगळं दुकान हसलं. मी सांगते ऐक, आता पठारावर दुसरा विषय नाही. पैजा लागल्यात. पाद्रीबाबांनी पण लावलीय म्हणतात, तुझ्यावर की त्याच्यावर ते सांगत नाहीत.

आज सकाळी तो स्टुडिओत आला. काचेपलीकडे उभा, टोपी हातात. कागद सरकवला. मी वाचला तो हा:

"सुलेमास. येतो. तोवर तिची वाट कुणी अडवू नये. पोटभर खाऊ घाला, नाहीतर हरल्यावर म्हणेल उपाशी होते. फाउस्तिनो."

तर तुझा रस्ता मोकळा झालाय. पण पोरी, मला हे लक्षण बरं दिसत नाही. मी त्याची बहीण आहे, लहानपणापासून ओळखते. तो इतक्या सहज "येतो" म्हणणारा माणूस नाही. निघताना मी त्याच्या पिकअपमध्ये डोकावले. मागे काय होतं, सांगू? दोऱ्या. चामड्याच्या, मऊ केलेल्या, पिशवीभर. मेंढ्या तर तिकडे शेडमध्ये, मग रिकाम्या पिकअपमध्ये दोऱ्या कशाला? मी विचारलं. म्हणाला, "लागतील." बस्स, एवढंच.

तो तुला बांधून आणणार आहे. पैज-बैज सगळं बोलायचं. तुला वाटेत गाठेल आणि मुटकुळं करून पिकअपमध्ये टाकेल. सुले, तो एकटा दिसला तर जवळ जाऊ नकोस. गाडीत बसू नकोस, बसवू नकोस. थेट मुकादमाकडे जा, लोकांमध्ये राहा.

आणि हरलीस तर ये घरी. मी भाजलेलं कोकरू ठेवीन. बिशपला बोलावणार नाही.

आत्या


बाहो ओन्दो
१९ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र मला वाटेतच मिळालं, पावाच्या लॉरीवाल्याने चालत्या गाडीतून खिडकीत फेकलं. कारण मी आता गाडीत होते! कुणाच्या? गुमेच्या! निरोप ऐकल्या ऐकल्या तो सिमेंट उतरवून उलटा आला आणि पंपावर पोट पुढे करून उभा. म्हणाला, "चल, या वेळी थर्मास दोन आणलेत."

तर आम्ही चाललोय, वारा असला की लॉरी आडवी चालावी, आणि पुढे रस्त्याच्या कडेला एक पिकअप, बॉनेट वर. बाजूला एक माणूस. रस्त्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून, जणू वाऱ्याशी अबोला धरलाय. अंगठा नाही, हात नाही, काही नाही. त्याला मागायची सवयच नाही ना. मी पाठ बघूनच ओळखलं.

गुमेने वेगावरचा पाय उचलला. म्हणाला, "तुझा बाप. थांबवू? तू सांग. वीस तारीख आली जवळ. तो पोचलाच नाही तर तू जिंकल्यात जमा."

माझ्या मांडीवर तुझं पत्र. दोऱ्या, मुटकुळं, सगळं नुकतंच वाचलेलं.

मी म्हटलं, "चालव."

गुमेने चालवली. आम्ही बाबाच्या बाजूने गेलो. त्याने मान वळवली, मी खिडकीत दिसले असणार. मग तो मागे लहान लहान होत गेला. मी माते करायला घेतला तर म्हणाला, "नको." आत्या, गुमे माते नको म्हणाला! मला कळलं आपण काय केलंय. रस्त्यावर उभा माणूस आम्ही सोडून चाललो होतो. ते काम या पठारावर कुणी केलेलं नाही आणि पहिलं मी करत होते. आणि वर जिंकणार कुणाला? न आलेल्या माणसाला? असं जिंकून मशीन मिळालं तर त्या मशीनवर मेंढी धरताना हात कसा उचलेल माझा?

"फिरव," म्हटलं.

गुमे म्हणाला, "तुझ्या घराण्यापायी मी आयुष्यभर उलटाच फिरणार बहुतेक." पण फिरवली, आणि हसत फिरवली.

बाबा तसाच उभा. मी दार उघडलं. म्हटलं, "चढतोस की पैज सोडलीस?"

"मघाशी गेलात ना पुढे?"

"गेलो होतो. परत आलो. आता किती वेळ उभा राहणार आहेस?"

त्याने पिकअपमधून ती पिशवी काढली आणि चढला. पिशवी मांडीवर. मी गुमेच्या बाजूला सरकून बसले, पाय दाराकडे पळायच्या तयारीत, पण दार बाबाच्या पलीकडे. मग सरळ विचारलं, "दोऱ्या कुणासाठी? माझ्यासाठी?"

बाबाने माझ्याकडे असं बघितलं जणू मी मेंढीला शिंग कुठे असतं ते विचारलंय. "मेंढ्यांसाठी. पाय बांधायला. आजकालच्या टोळ्यांत दोऱ्याच ठेवत नाहीत म्हणे, मेंढी मोकळीच धरून कातरतात. वेडेपणा. मी माझ्या घेऊन आलो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुला बांधायला एवढ्या लागल्या असत्या होय? तुला तर तार लागेल."

गुमे इतका हसला की लॉरी रस्ता सोडून चालली. मी माते केला. पहिला बाबाला दिला, वयाने मोठा म्हणून, बाकी कशासाठी नाही. त्याने ओढला आणि वाटी परत दिली. "पाणी जास्त तापलंय," म्हणाला. पण दुसरा घेतला.

आता शेड. बाल्दोमेरो मुकादम म्हणजे जाडजूड, मिशा लोकरीच्या. त्याने दोन मशीन शेजारी शेजारी लावून दिली. सगळी टोळी भिंतीला लागून, आजूबाजूच्या एस्तान्सियांतून माणसं घोड्यांवर, गाड्यांतून आलेली. तीनचार लॉरीवाले तर तेच, ज्यांनी मला पाव दिले होते. एकाने येऊन विचारलं, "चीज पुरलं का?" मुकादमाने नियम सांगितले. जास्त मेंढ्या त्याचा दिवस, पण अंगावर कापलं, औषध लावायला लागलं, तर ती मेंढी वजा.

घंटा झाली.

बाबा मेंढी आडवी पाडतो, तीन पाय बांधतो, कातरतो, सोडतो. मी तिला ढुंगणावर बसवते, गुडघ्यांत धरते, मोकळी, तिच्या अंगाबरोबर फिरते. मला वाटलं होतं त्याला बांधाबांधीत वेळ जाईल आणि मी पुढे निघून जाईन. पण आत्या, म्हाताऱ्याचे हात! दोरी दिसतच नाही, नुसता झटका आणि पाय बांधलेले. त्याची लोकर एका तुकड्यात निघते, काढलेल्या कोटासारखी. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी बघत होते. मग ओरडला, मशीनच्या आवाजात, "माझ्याकडे काय बघतेस? मेंढीकडे बघ!"

दुपारनंतर मी पुढे गेले. मोकळ्या मेंढीला बांधायला लागत नाही ना, तेवढं पाठीला कमी. बाबाच्या पाठीचा कणा बाहेर यायला आला होता, पण थांबला नाही, पाणी नाही. लॉरीवाले ओरडत होते, "सुले! सुले!" आणि मग मी चेकाळले. घाई केली. एकीच्या पोटाला लागलं. औषधवाला आला. परत घाई, अजून एक. परत औषध.

संध्याकाळची घंटा. मुकादमाने मोजलं. मोजणी माझी जास्त. वजा करून, बाबाची एक जास्त. त्याच्या एकाही मेंढीला ओरखडा नाही.

एक, आत्या.

मी फणा मशीनमधून काढला, फडक्यात गुंडाळला, त्याच्यासमोर ठेवला. जॅकेट घातलं. शब्द दिला होता, पठारभर वाजलेला. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून छताकडे बघत होते. पत्र्याला भोक आहे, मुकादमाला सांगायला पाहिजे.

मुकादम म्हणाला, "फाउस्तिनो, नेतोस का मग पोरीला?"

बाबा भिंतीला टेकून, सरळ होता येत नव्हतं. "कुठे?"

"घरी. तू जिंकलास."

"जिंकलोच," बाबा म्हणाला. "जिंकलो म्हणजे आता मी सांगेन तिथे ती राहणार. बरोबर?"

"बरोबर."

"मग इथे ठेव. मशीनवर. घरी नेऊन काय करू तिला, अख्खा कळप तर एका दिवसात संपवेल."

सगळी शेड ओरडली. टोप्या उडाल्या. गुमे रडत होता, गाढव. आणि मी? मला इतका राग आला, आत्या, इतका! मी पठार ओलांडून आले ते त्याचा हुकूम मोडायला. आणि या म्हाताऱ्याने काय केलं? माझं राहणंच हुकूम करून टाकलं! म्हणजे राहिले तरी त्याचं ऐकलं, गेले तरी त्याचं ऐकलं!

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मी राहतेय," म्हटलं. "पण तू सांगितलंस म्हणून नाही."

"मग कशाला?"

"मला राहायचंय म्हणून."

"बरं."

"बरं नाही! मोठ्याने म्हण. लोकांसमोर. मी कातरू शकते."

त्याने फडकं उघडलं, फणा बोटाने तपासला, माझ्या हातात दिला. "दात बोथट झालेत," म्हणाला, "म्हणून कापलं त्या दोघींना. सकाळी घासून घे." मोठ्याने म्हणाला का? नाही. म्हणणारही नाही, त्याचं थोबाड मला माहीत आहे. मी पण ऐकून घेतल्याशिवाय सोडणार नाही, दहा हंगाम लागले तरी.

आज सकाळी तो निघाला. गुमेने लॉरी शेडच्या दारात आणली. बाबा चढला, खिडकीची काच खाली केली आणि बराच वेळ आत बघत राहिला. टोळीतली पोरं मला कोपर मारत होती, "जा की, हात तरी कर."

मी नाही केला. माझ्या गुडघ्यांत मेंढी होती आणि हातात मशीन चालू होतं. कामावर होते मी.

सुलेमा